तपासणीचं पान

सिलिअ‍ॅकची म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराची जनुकीय तपासणी केली की ते जनुक ज्यांच्याकडून आपल्याकडे आलं, ते घरातलं वारलेलं माणूस एकदा जेवायला येतं. कोणी आलं नाही तर जनुक नाही. तपासणी एवढीच असते, आणि तिच्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर अत्तरद्यांनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं.

रेवती, आमची मुलगी, तेव्हा चौथीत होती. वर्गाच्या फोटोत ती दुसरीतून चुकून आल्यासारखी दिसायची. हातपाय काड्या आणि पोट टम्म. पोळी खाल्ली की पोट धरून बसायची. शेजारच्या काकूंनी सांगितलं, गहू बंद करून बघा. ज्योत्स्नाने, म्हणजे माझ्या बायकोने, बंद केला आणि पोरीच्या गालावर जरा रंग आला. हे आम्ही मोठ्या उत्साहाने डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"गहू चालू असताना आला असतात तर साध्या रक्ताच्या तपासणीवर भागलं असतं. आता रक्तात काही दिसायचं नाही. परत सुरू करायचा तर काही आठवडे रोज खाऊ घालावा लागेल."

"एक पोळी खाल्ली तर ओकते ती," ज्योत्स्ना म्हणाली.

"म्हणून म्हणतो, आधी जनुकं बघू. त्यात गहू खाल्ला, नाही खाल्ला, काही फरक पडत नाही. कोणी आलं नाही, तर सिलिअ‍ॅकचा विषय संपला, दुसरं कारण शोधू. कोणी आलं, तर आजार असू शकतो, एवढंच कळेल. हे जनुक पुष्कळांकडे असतं आणि त्यातले बहुतेक जण जन्मभर गव्हाच्या बट्ट्या पचवतात."

"कोण येतं?" मी विचारलं.

"तुमच्याकडून आलं असेल तर तुमच्या बाजूचं, ताईंकडून आलं असेल तर त्यांच्या बाजूचं. सगळ्यात जवळचं जे गेलेलं असेल ते. जिवंत माणसं येत नाहीत. ती असतातच."

कोणती तपासणी करायची हे मात्र त्यांनी आमच्यावर सोडलं. मी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. चटई घेतानासुद्धा लोक चार दुकानं फिरतात, मग ही तर तपासणी. आठवडाभर मी चौकशी केली.

सगळ्यात स्वस्त होतं ते घरपोच किट. गालाच्या आतून कापूस फिरवायचा आणि कुरियरने पाठवून द्यायचं. आमच्या स्टोअरच्या बऱ्हाट्यांनी ते मागवलं होतं. त्यांच्याकडे एक धोतरवाले आजोबा आले, दोन दिवस राहिले, भरपूर जेवले. मग कळलं की नमुन्यांची अदलाबदल झाली होती आणि ते धुळ्याच्या कुणातरी वाण्यांचे पणजोबा होते. "पण माणूस फार चांगला हो," बऱ्हाटे म्हणाले. "जाताना आमची ही रडली." तरी डॉक्टर तो निकाल मानत नाहीत. येणाऱ्याची ओळख पटवायला तिथे कोणी हजर नसतं.

दुसरी स्टेशनजवळची लॅब. माणूस चोख, पण या आजाराची जनुकं दोन, आणि ते त्यातलं एकच तपासायचे. दुसऱ्या जनुकाचं कोणी असेल तर ते दारापर्यंत येऊन परत जायचं आणि आपल्याला पत्ताही लागायचा नाही. ज्योत्स्नाने हे ऐकलं आणि लगेच नको म्हणाली. आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं तिच्याच्याने होणार नव्हतं.

तिसरी सगळ्यात महाग, संपूर्ण तपासणी. तिच्यात टक्कल, मधुमेह, मोतीबिंदू, सगळ्याचेच लोक येतात. आमच्या सोसायटीतल्या इंगळ्यांनी ती केली होती. मंगल कार्यालय घ्यावं लागलं. त्यांचे दोन खापरपणजे बांधावरून भांडले आणि सिलिअ‍ॅकचं कोण आलं होतं ते गर्दीत राहूनच गेलं.

आम्ही चौथी निवडली. पुण्याची लॅब, जळगावात त्यांचं केंद्र. दोन्ही जनुकं तपासतात, जेवण एकच, आणि लॅबचं माणूस शेवटपर्यंत समोर बसतं. रेवतीचा नमुना घ्यायला नाजनीन तडवी नावाच्या बाई आल्या. चाळिशीच्या, शांत. त्यांनी पोरीच्या गालातून कापूस फिरवला, रविवार ठरवला आणि म्हणाल्या, "जेवणात एक गव्हाचा पदार्थ हवा, एक बिनगव्हाचा. एक पान जास्त वाढायचं. ठरल्या वेळेला कोणी आलं नाही तर पान उचलून टाका, निकाल निरंक."

"गव्हाचं काय करू?" ज्योत्स्नाने विचारलं.

"तुमच्या घरी जे होतं ते."

आमच्या घरी वरण-बट्टी होते. लेवा पाटलांकडे दुसरं काय विचारायचं! भालोदला, गावाकडे, आम्ही राहायचो तेव्हा हिवाळ्यात दर रविवारी शेतात बट्ट्या व्हायच्या. गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या, फोडल्या की वाफ निघायची. तुरीचं वरण, हिरव्या वांग्यांची घोटलेली भाजी, आणि तुपाची धार सोडणारा माझ्या मायचा हात. मला तो हात आठवतो, काचेच्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकलेल्या. तोंड तितकं नीट आठवत नाही. घरात तिचा एकच फोटो आहे आणि त्यात ती उन्हाकडे बघतेय.

माय मी नववीत असताना गेली. रक्त कमी आहे, एवढंच सगळे म्हणायचे. छत्तीस वर्षांची होती. सगळ्यांना बट्ट्या वाढून झाल्या की ती चुलीपाशी बसून कळण्याची भाकर खायची. ज्वारी-उडदाची ती काळसर भाकर, ठेचा आणि कांदा. कोणी म्हटलं, अगं बट्टी घे, तर म्हणायची, मले भाकरच आवडते.

ही गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नव्हती. ज्योत्स्नाला कधीतरी सांगितली होती आणि ती विसरली असेल असं मला वाटत होतं. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं वांगी निवडत बसलो होतो, तेव्हा ती एकदम म्हणाली, "कळण्याचं पीठ कशाला आणलंत?"

"बिनगव्हाचं काहीतरी हवं ना."

"तांदूळ आहे की घरात."

मी वांग्यांची देठं तोडत राहिलो.

"तुम्हाला सासूबाई याव्यात असं वाटतंय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "त्या आल्या म्हणजे काय ते कळतंय ना तुम्हाला? पोरीला ते आहे, असं ठरेल."

"ठरलं तर ठरलं. मी बोलावल्याने थोडंच ठरणार आहे?"

"मग पीठ कशाला आणलंत?"

ती वांगी घेऊन आत गेली. तिचंही बरोबर होतं. तिचे वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती, रेवतीला त्यांनी पाहिलंही नव्हतं. त्यांच्यासाठी तिने काहीच वेगळं आणलं नव्हतं. ते येऊ नयेत म्हणून ती मनातल्या मनात हात जोडत होती, आणि त्याचंच तिला रडू येत होतं, हे मला नंतर कळलं.

माझे बाबा, चुडामण झांबरे, आमच्याकडेच असतात. पंच्याहत्तरी उलटली आहे. या सगळ्या प्रकरणात त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. रविवारी सकाळी मात्र ते मला न सांगता सलूनमध्ये जाऊन आले. दाढी, कटिंग, वर कानातले केसही काढून घेतले होते. मी बघितलं तर म्हणाले, "वाढले व्हते. कायले बघतं?" मग कपाटातून लग्नाकार्याचा शर्ट काढला. घातला. उतरवला. परत घातला. आणि खुर्चीत बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता म्हणाले, "किशोर, मी ओळखू येईन का रे तिले?"

"बाबा, कोण येईल काय माहीत. कदाचित कोणीच नाही."

"ते ठाऊक आहे मले. आलीच, तर."

नाजनीनबाई वेळेवर आल्या. भिंतीशी खुर्ची घेऊन बसल्या. ज्योत्स्नाने पाटांपुढे पानं वाढली: बाबांचं, माझं, रेवतीचं, आणि एक जास्तीचं. ठरलेली वेळ झाली. कोणी आलं नाही. ज्योत्स्नाने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसायला लागली होती ती मी बघतोय हे कळून तिने मान वळवली. मला आनंद व्हायला हवा होता. मी जास्तीच्या पानावरचं तूप थिजताना बघत होतो.

आणि दाराची कडी वाजली.

माय दारात उभी होती. उन्हातून आल्यासारखी, कपाळावर घाम. अंगावर ते जांभळं लुगडं, जे ती गेल्यावर मोठ्या मामींनी नेलं होतं. माझ्यापेक्षा ती कितीतरी लहान होती. रस्त्यात भेटली असती तर मी तिला ताई म्हटलं नसतं, पोरी म्हटलं असतं.

तिने आत बघितलं. बाबांवर तिची नजर गेली आणि तिने चटकन पदर डोक्यावर ओढला, अंग चोरून दाराआड झाली. लग्नाकार्याच्या शर्टातल्या त्या म्हाताऱ्या माणसाला ती तिचा सासरा समजली होती. बाबा दिसतातही आता आजोबांसारखेच.

बाबा उठायला गेले, त्यांना उठवेना. बसूनच म्हणाले, "अगं, मी आहे. मी."

ती आवाज ऐकून थांबली. पदर थोडा मागे सारून तिने नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

"इतके म्हातारे कधी झाले तुम्ही?" ती म्हणाली.

"व्हत गेलो," बाबा म्हणाले.

नाजनीनबाईंनी पूर्ण नाव, माहेर, गाव विचारलं आणि ओळख पटल्याचं जाहीर केलं. माय मान डोलावून पदर खोचून सरळ स्वयंपाकघराकडे निघाली. "तुम्ही बसा, मी वाढते. मी मागून बसेन."

"मागून बसलात तर तपासणी रद्द होते," नाजनीनबाई म्हणाल्या. "तुम्हाला आत्ताच बसावं लागेल. सगळ्यांबरोबर."

"यांच्या पंगतीत?"

"नियम आहे बाई."

नियम म्हटल्यावर ती बसली. बाबांच्या शेजारच्या पाटावर, अगदी कडेला, पाय मुडपून, कधीही उठता येईल अशी. ज्योत्स्नाने तिला वाढलं तेव्हा ती हात आडवा धरत राहिली, "पुरे बाई, पुरे," म्हणत राहिली. सून आहे हे सांगितल्यावर तिने ज्योत्स्नाच्या हनुवटीला हात लावून बोटं ओठांशी नेली. मग माझ्याकडे वळली. मी मोठमोठ्या प्रश्नांच्या तयारीत होतो, पण तिने तसलं काही विचारलं नाही. "केस गेले की रे किशा तुझे सगळे," म्हणाली आणि हसली. तोंड मला तेव्हा नीट दिसलं. पुढचा एक दात दुसऱ्यावर जरा चढलेला होता. हे मी कसं विसरलो होतो कोण जाणे.

सगळे जेवायला लागले. पानात बट्टी होती, भाकरही होती. मायने भाकर मोडली. नाजनीनबाईंनी ते बघितलं आणि विचारलं, "बट्टी खाल्ल्यावर तुम्हाला काय होत होतं?"

मायचा घास हातातच राहिला. "मले?"

"हो."

"मले कोनी इचारलं नही हे कधी." तिने एकदा बाबांकडे बघितलं, मग रेवतीकडे, मग खाली बघून सांगायला लागली. पोट फुगून नगाऱ्यासारखं व्हायचं. तोंड आलेलं असायचं, बरं व्हायचंच नाही. पाहुणे असले की त्यांच्यासमोर खावीच लागायची, नाहीतर सुनेला गर्व झाला म्हणतील. मग गवत आणायच्या निमित्ताने बांधावर जाऊन ती आडवी पडायची, आंब्याखाली, जमिनीला पोट लावून. "थंड मातीनं बरं वाटे," ती म्हणाली. "भाकर खाल्ली का मग काही नही व्हत. पन रोज रोज भाकर कशी करनार स्वतःसाठी? सगळ्यांचं गहू आणि माझं वेगळं, बरं दिसतं का?"

बाबांनी पानावरचा हात काढून घेतला. "मले वाटे तुले भाकर आवडते."

"आवडतेच की," माय म्हणाली. "ते काय खोटं नही."

रेवती इतका वेळ आजीकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "आजी, माझंपण पोट नगाऱ्यासारखं होतं. मी फरशीवर झोपते, पालथी. थंडगार असते."

मायने उष्ट्या हातानेच तिला जवळ ओढलं. तिची बोटं चाचपली, दंड चाचपला. "हिले गहू नका देऊ," ती ज्योत्स्नाला म्हणाली, अगदी घरातल्या मोठ्या बाईसारखं. "कोनी काही म्हनो. पाहुने रागावले तरी नका देऊ."

"नाही देणार," ज्योत्स्ना म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही बदलू नका," नाजनीनबाई म्हणाल्या, कारण तसं सांगणं त्यांचं काम होतं.

जेवण झालं. आता हात धुतला की भेट संपते, हे नाजनीनबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. कोणीच उठलं नाही. आम्ही खरकटे हात घेऊन पानांवर बसून राहिलो, जसे पूर्वी भालोदला बसायचो, गप्पा संपायच्या नाहीत आणि हात वाळून कडक व्हायचे. मायने विचारलं ते सगळं साधं होतं. विहिरीला पाणी आहे का. तांबडी गाय कोणाला दिली. तिची बहीण कुसुम कशी आहे. कुसुममावशी गेली, असं मी सांगितलं, तर म्हणाली, "मग भेटेल." बाबा तिच्या बांगड्यांकडे बघत होते. एकदा फक्त म्हणाले, "घर विकलं आपण." ती म्हणाली, "बरं केलं. त्याचं सारवण मोठं व्हतं."

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं. नाजनीनबाईंना पुढे भुसावळला जायचं होतं, पण त्या घड्याळाकडे न बघता छताकडे बघत बसल्या होत्या. शेवटी मायच म्हणाली, "भांडी वाळून जातील बाई," आणि आपलं आणि बाबांचं, अशी दोन्ही पानं उचलून मोरीत गेली. नळाचा आवाज आला. मग नुसताच नळाचा आवाज येत राहिला. ज्योत्स्नाने जाऊन तो बंद केला. दोन्ही ताटं घासून पालथी घातलेली होती.

निकाल आठवड्याने आला. एक जनुक आहे, माझ्याकडून आलेलं, मला सिंधू चुडामण झांबरे यांच्याकडून. पुढच्या तपासण्यांसाठी डॉक्टरांनी काही आठवडे गहू द्यायला लावला. ते आठवडे आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. फरशीवर पालथ्या पडलेल्या पोरीच्या पाठीवर हात फिरवत बाबा तिच्या शेजारी बसून असायचे. मग पोटात दुर्बीण घातली, आतड्याचा तुकडा काढून तपासला, आणि सिलिअ‍ॅक आहे हे पक्कं ठरलं. तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यांनाच कळण्याची भाकर असते. रेवतीचे मागच्या वर्षीचे फ्रॉक आता तिला होत नाहीत. ज्योत्स्ना ते कोणाला देतही नाही, मुद्दाम हँगरला लावून ठेवते.

दिवाळीनंतर एकदा बाबा दुपारचे घरात नव्हते. रिक्षाने एकटेच लॅबच्या केंद्रावर गेले होते. मला नाजनीनबाईंचा फोन आला म्हणून कळलं. बाबांना कोणती तपासणी करायची, असं विचारलं तर ते म्हणाले होते, कोणतीही. जी केल्याने सिंधूबाई येतील ती.

"मी त्यांना समजावलं," नाजनीनबाई म्हणाल्या. "बायको रक्ताच्या नात्यात येत नाही. यांनी कितीही तपासण्या केल्या तरी यांचे आईवडील येतील, आजोबा येतील. त्या नाही येणार. ऐकून घेतलं त्यांनी. बाकड्यावर बसलेत, तुम्ही घेऊन जा."

मी गेलो. बाबा लग्नाकार्याच्या शर्टात बाकड्यावर बसले होते, हातात लॅबची घडीपत्रिका. मला बघून उठले. आम्ही स्कूटरपर्यंत आलो. मागे बसल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घडीपत्रिका माझ्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी एका ओळीवर नखाने रेघ ओढली होती. संधिवाताची जनुकीय तपासणी.

"तुझ्या मायचे गुडघे दुखत," ते म्हणाले. "ओल्यात काम करून करून. तिच्या मायचेबी दुखत. तुझा कधी दुखतो का रे?"

माझे गुडघे ठणठणीत आहेत. कारखान्यात मी दिवसातून किती वेळा जिने चढतो त्याचा हिशेब नाही.

"दुखतो," मी म्हणालो.

"कोनता?"

"उजवा."

"मंग असं अंगावर काढू नये," बाबा म्हणाले. मी स्कूटर वळवली आणि आम्ही परत केंद्राच्या पायऱ्या चढलो. मी जरा लंगडत.